लाखेच्या सीलाआधी काय घडले

वाचकाचे पत्र

वकीलसाहेब, सप्रेम नमस्कार. सोलापूरच्या पूर्व भागात माझा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. २०२२ च्या पावसाळ्यात आमच्या गल्लीपलीकडच्या एका शेडवरील राखणदाराचा खून झाला. तिसऱ्या दिवशी पोलिसांनी मला आणि शेजारच्या किराणा दुकानदाराला पंच म्हणून नेले. आरोपीने आपल्या खोलीतल्या पत्र्याच्या पेटीमागून एक शर्ट काढून दिला. त्यावर डाग होते, ते मी पाहिले. पाऊस चालू होता, लाख किंवा मेणबत्ती कोणाजवळ नव्हती, म्हणून शर्ट वर्तमानपत्रात गुंडाळला. दोन तासांनी ठाण्यात पंचनाम्यावर आणि चार कोऱ्या लेबलांवर आमच्या सह्या घेतल्या. पंचनाम्यात मात्र ‘जागीच कागदात बांधून लाखेने सील केले’ असे लिहिले आहे. सील करताना मी पाहिलेले नाही. आता सत्र न्यायालयाचे समन्स आले आहे. शर्टावर मृताच्या गटाचे, म्हणजे ‘बी’ गटाचे रक्त असल्याचा सीए रिपोर्ट (सरकारी प्रयोगशाळेतल्या रासायनिक विश्लेषकाचा अहवाल) आहे असे कळते. खरे सांगितले तर खुनी सुटेल आणि मला फितूर म्हणतील. लिहिल्याप्रमाणे सांगितले तर ते शपथेवर खोटे होईल. मेहुणा म्हणतो, “दाजी, रिपोर्ट काय, सगळं मॅनेज असतंय, तुमच्या एका वाक्यानं काय होणार?” मुलगा म्हणतो, परदेशात हाताचे ठसे आणि डीएनएसुद्धा चुकीचे ठरले आहेत. मग मी कशासाठी जीव टांगणीला लावू? आणि पुन्हा कधी पंच म्हणून बोलावले तर जावे का?

— एक वाचक, साखर पेठ

उत्तर

नमस्कार. जे तुम्ही डोळ्यांनी पाहिले तेच न्यायालयात सांगा, आणि जे पाहिले नाही ते पाहिले नाही असे तितक्याच सरळपणे सांगा. उत्तर एवढेच आहे. परंतु ते देऊन तुमची बोळवण करणे योग्य होणार नाही, कारण तुमचा खरा पेच ‘काय सांगू’ हा नसून ‘सांगून काय उपयोग’ हा आहे. खटला चालू असल्यामुळे आरोपीने गुन्हा केला की नाही याविषयी मी काहीही लिहिणार नाही. तुम्हीही पत्रात सहज वापरलेला ‘खुनी’ हा शब्द समन्सच्या तारखेपर्यंत तरी मनातून काढून टाका. त्याला खुनी ठरवणे किंवा सोडणे हे ओझे तुमच्या खांद्यावर कोणी दिलेले नाही, ते तुम्ही आपणहून उचलले आहे.

प्रथम सीए रिपोर्टविषयी, कारण तुमच्या घरातल्या तिघांनीही तो न पाहताच त्याच्यावर मत बनवले आहे. रासायनिक विश्लेषकाचा हा अहवाल आपल्या न्यायालयांत इतका रुळलेला आहे की शिपायापासून सरकारी वकिलांपर्यंत सगळे त्याला दोन अक्षरांनीच ओळखतात, आणि लोक तर तो देववाणीसारखा ऐकतात. मी अनेक वर्षे असे अहवाल वाचले. त्यांत निष्कर्षाच्या बऱ्याच आधी, पाकिटाच्या वर्णनाजवळ एक साधे वाक्य असते, ज्याकडे कोणाचे लक्ष जात नाही: सील अखंड होते आणि सोबत पाठवलेल्या नमुना मोहरेशी जुळत होते. प्रयोगशाळेतला माणूस एवढीच हमी देऊ शकतो. पाकीट आपल्या टेबलावर आले तेव्हा ते बंद होते, आणि उघडल्यावर आत जे सापडले त्याची आपण अमुक परीक्षा केली, असे तो सांगतो. ते पाकीट बंद होण्यापूर्वी तो शर्ट दोन तास कुठे होता, कोणाच्या मांडीवर होता, जीपमध्ये त्याच्याशेजारी आणखी काय होते, हे त्याला कळण्याचा कोणताही मार्ग नाही. त्याचे यंत्र कितीही भारी असले तरी सीलाच्या अलीकडचे त्याला दिसत नाही. ते सांगू शकणारी माणसे मोजकीच आहेत: पोलीस, किराणा दुकानदार आणि तुम्ही. मेहुण्यांच्या ‘एका वाक्याने काय होणार’ या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे, कारण पुढची सगळी परीक्षा तुमच्या त्या एका वाक्यावर उभी आहे.

तुम्ही टॉवेलवाले आहात, त्यामुळे कापडाचा स्वभाव तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. पावसाळ्यात अर्धवट वाळलेला माल गठ्ठ्यात बांधला तर काय होते, ते तुम्ही कधी ना कधी नुकसान सोसून शिकला असाल. रक्ताच्या डागाचेही तसेच होते. ओलसर कपडा प्लास्टिकच्या पिशवीत कोंडला की बुरशी आणि जिवाणू कामाला लागतात, डीएनएचे तुकडे होतात आणि अहवालात ‘रक्तगट निश्चित करता आला नाही’ असा शेरा येतो. म्हणून असा कपडा सावलीत वाळवून, प्रत्येक वस्तू स्वतंत्रपणे स्वच्छ कागदात बांधायची असते. वर्तमानपत्र कागद असले तरी ते दहा हातांतून फिरलेले असते, तेव्हा त्याला स्वच्छ म्हणता येत नाही. दुसरी गोष्ट अशी की डाग एका कापडावरून दुसऱ्यावर जातो. त्याच दिवशी मृताचे कपडेही जप्त झाले असतील आणि दोन्ही पुडकी सील होण्याआधी एकाच टेबलावर पडली असतील, तर एकावरचे दुसऱ्यावर गेले का हा प्रश्न बचावाचा वकील विचारणारच, आणि त्याने तो विचारायलाच हवा. तसे घडले असे मी म्हणत नाही. घडले नाही हे सिद्ध करण्यासाठीच सील असते, आणि ते जागेवरच करायचे ते याच कारणासाठी.

कापडाचाच विषय निघाला आहे म्हणून जर्मनीतली एक हकिगत सांगतो, जी तुमच्या चिरंजीवांनाही आवडेल. तेथे हाइलब्रॉन शहरात २००७ मध्ये एका महिला पोलिसाचा खून झाला आणि घटनास्थळी एका अज्ञात स्त्रीचा डीएनए सापडला. तोच डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधल्या सुमारे चाळीस गुन्ह्यांच्या ठिकाणी आढळला होता. कुठे खून, कुठे किरकोळ घरफोडी. ही विलक्षण गुन्हेगार स्त्री पोलीस वर्षानुवर्षे शोधत राहिले. २००९ मध्ये उलगडा झाला तो असा, की नमुना उचलण्याच्या कापसाच्या काड्या बांधणाऱ्या कामगार स्त्रीचाच तो डीएनए होता. काड्या जंतुमुक्त होत्या, परंतु जंतू मारल्याने डीएनए नाहीसा होत नाही. परीक्षा प्रत्येक वेळी अचूक झाली होती. जी वस्तू तपासली ती मात्र प्रयोगशाळेत पोहोचण्यापूर्वीच बाटली होती.

आता रक्तगटाविषयी. ‘मृताच्या गटाचे रक्त’ हे शब्द गल्लीत फिरत फिरत ‘मृताचे रक्त’ होतात, आणि या दोहोंत जमीनअस्मानाचा फरक आहे. ‘बी’ हा गट आपल्याकडे अतिशय सर्रास आढळतो. ढोबळमानाने तीन-चार माणसांमागे एकाचा तोच असतो. तुमच्या कारखान्यातले कामगार एका ओळीत उभे केले तर त्यांतही काहीजण ‘बी’ गटाचे निघतील, आणि आरोपीचा स्वतःचा गट कोणता हे अहवालात आहे की नाही हेही पाहावे लागेल. गट जुळणे म्हणजे ‘हे रक्त मृताचे असू शकते’ एवढेच. डीएनए चाचणी झाली असेल तर तिचे वजन पुष्कळ अधिक असते, परंतु तिलाही सीलाचा नियम चुकत नाही.

चिरंजीव म्हणतात ते निराधार नाही. मार्च २००४ मधल्या माद्रिदच्या रेल्वे बॉम्बस्फोटांनंतर अमेरिकेच्या एफबीआयने ब्रँडन मेफील्ड नावाच्या ओरेगनमधल्या एका वकिलाला ठशावरून पकडले. ठसा त्याचाच असल्याची तज्ज्ञांना खात्री होती. पुढे स्पेनच्या पोलिसांनी तो ठसा एका अल्जीरियन इसमाचा असल्याचे दाखवून दिले आणि एफबीआयला माफी मागावी लागली. सूक्ष्मदर्शकाखाली केस जुळवून साक्ष देण्याच्या पद्धतीचे तर त्याहून वाईट झाले. एफबीआयने स्वतःच जुनी प्रकरणे उघडली, आणि आरोपीच्या विरुद्ध साक्ष गेलेल्या २६८ खटल्यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक खटल्यांत तज्ज्ञांनी शास्त्राला झेपणार नाही इतकी खात्री वर्तवल्याचे २०१५ मध्ये जाहीर केले. इटिएल ड्रॉर या संशोधकाचा २००६ मधला एक छोटा प्रयोग मला या सगळ्यांपेक्षा बोलका वाटतो. पाच अनुभवी ठसेतज्ज्ञांना त्यांनी स्वतःच पूर्वी ‘जुळतात’ म्हणून ठरवलेले ठसे, ते मेफील्ड प्रकरणातले चुकीचे ठसे आहेत असे सांगून, पुन्हा दाखवण्यात आले, आणि पाचांपैकी चौघांनी आपले मत बदलले. आधी कानावर आलेली गोष्ट डोळ्यांना काय दिसावे हे ठरवते. मग आपल्या तपासी अंमलदाराच्या पत्रात ‘आरोपीने कबूल केले आहे’ असे वाचून अहवाल लिहायला बसणाऱ्या माणसाचे काय होत असेल, याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही.

तरीही ‘मग सगळेच खोटे’ हा निष्कर्ष आळशीपणाचा आहे, ‘रिपोर्ट आला म्हणजे खरेच’ या निष्कर्षाइतकाच. केसांवरून झालेल्या चुका उघड झाल्या त्याला मोठ्या प्रमाणात डीएनए चाचणीच कारणीभूत ठरली. एक पद्धत कच्ची, दुसरी पक्की, आणि पक्की पद्धतही कच्च्या नमुन्यावर निरुपयोगी, असा निवाडा प्रत्येक वेळी वेगळा करावा लागतो. आपल्याकडेही पुण्याच्या एका न्यायालयाने २००८ मध्ये खुनाच्या खटल्यात मेंदूच्या लहरींच्या चाचणीचा आधार घेतला होता. पुढे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी प्रकरणात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची ही चाचणी संमतीशिवाय करण्यास मनाई केली.

मेहुण्यांचे ‘मॅनेज’ हे मत मात्र पुराव्याच्या शास्त्रातून आलेले नसून अनुभवातून आलेले आहे, आणि त्याला मी हसणार नाही. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात मोटारीच्या धडकेत दोघांचा जीव गेला आणि त्यानंतर रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप झाला, तेव्हा हेच वाक्य मी आपल्या नवी पेठेतल्या चहाच्या टपरीपासून वकिलांच्या खोलीपर्यंत सगळीकडे ऐकले. आरोप सिद्ध होतो की नाही ते न्यायालय ठरवील. परंतु तो पुढे आला कशामुळे हे मेहुण्यांना विचारा: दुसरा नमुना घेऊन डीएनए ताडून पाहिला म्हणून. ज्या शास्त्राला ते मॅनेज म्हणतात त्याच शास्त्राने तो संशय कागदावर आणला. आणि या शहराला तरी न्यायनिवाड्यावरील अविश्वास नवा नाही. ज्या चौघांना ब्रिटिश न्यायव्यवस्थेने खुनाबद्दल दोषी ठरवून १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली, त्यांना सोलापूर हुतात्मे म्हणते आणि त्यांच्या पुतळ्यांवरून रोज ये-जा करते. निकाल नुसता लागून भागत नाही, तो लोकांना पटावाही लागतो, हे आपल्याला कोणी शिकवण्याची गरज नाही.

पटण्याची ही गोष्ट किती नाजूक असते ते दिल्लीच्या छावला प्रकरणात दिसले. २०१२ मध्ये एका तरुणीचे अपहरण, अत्याचार आणि खून झाला; तिघांना फाशीची शिक्षा झाली आणि उच्च न्यायालयाने ती कायम केली. ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिघांनाही निर्दोष सोडले. सोलापूरशी घरचे नाते असलेले तत्कालीन सरन्यायाधीश उदय लळीत त्या खंडपीठावर होते. नमुने फेब्रुवारीच्या मध्याला घेतले आणि २७ तारखेला प्रयोगशाळेत पोहोचले. मधल्या काळात ते पोलिसांच्या मालखान्यात पडून होते, त्यामुळे त्यांत ढवळाढवळीची शक्यता नाकारता येत नाही असे न्यायालयाने म्हटले. डीएनए अहवालाचा निष्कर्ष खालच्या न्यायालयांनी स्वीकारला, पण तो कोणत्या पद्धतीने काढला हे तपासलेच नाही, हाही दोष दाखवला. मुलीचे आईवडील उद्ध्वस्त झाले, लोक संतापले, आणि त्यांचा राग समजण्यासारखा होता. पण तो बहुतेकांनी सर्वोच्च न्यायालयावर काढला. मला विचाराल तर तो खटला दिल्लीच्या न्यायदालनात हरला नसून मालखान्यातल्या त्या दिवसांत हरला. जुलै २०२५ मध्ये कट्टवेल्लई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी सूचना दिल्या, त्यांत डीएनएचे नमुने ४८ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावेत आणि नमुना कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला याची नोंद शेवटपर्यंत ठेवावी, असे सांगितले आहे. आरोपीला जपण्यासाठी हे लागते, आणि मृताच्या घरच्यांसाठीही लागते.

आता तुमच्या भीतीकडे वळू. खरे सांगितले म्हणून आरोपी आपोआप सुटेल असे कायदा मानत नाही. तपासात दोष राहिला म्हणजे निर्दोष सुटका ठरलेली, असे सर्वोच्च न्यायालयाने कधीच म्हटलेले नाही. बाकीचा पुरावा स्वतंत्रपणे तोलला जातो. शिवाय तुमच्याजवळ सांगण्यासारखे खरे बरेच आहे: आरोपीने खोली दाखवली, पेटीमागून शर्ट काढला, त्यावर डाग होते. हे तुम्ही पाहिले आहे आणि फिर्यादी पक्षासाठी ते मोलाचे आहे. धोका आहे तो या खऱ्याला खोट्याचे शेपूट जोडण्यात. वकिलीच्या सुरुवातीच्या काळात मी एका खटल्यात बचावाच्या बाजूने उभा होतो. पंच म्हणून आलेले एक वयस्कर गृहस्थ पंचनामा पाठ केल्यासारखा बोलत होते आणि बोलत होते ते बहुतेक खरेही होते. मी एवढेच विचारले, “लाख कशावर वितळवली?” ते म्हणाले, “गॅसवर.” मी म्हटले, “तुमच्याच म्हणण्याप्रमाणे खोलीत एक खाट आणि एक घागर होती ना?” न्यायाधीशांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवले. त्या क्षणी त्यांची लाखेची गोष्ट तर गेलीच, पण त्यांनी पाहिलेली खरी जप्तीही गेली. मी तो खटला जिंकलो, आणि तो जिंकल्याचा मला आजही फारसा अभिमान वाटत नाही.

‘फितूर’ या शब्दाची तुम्ही उगाच धास्ती घेतली आहे. साक्ष अपेक्षेप्रमाणे झाली नाही तर सरकारी वकील न्यायालयाच्या परवानगीने आपल्याच साक्षीदाराला उलटतपासणीसारखे प्रश्न विचारू शकतात, एवढाच त्याचा अर्थ. ती शिक्षा नव्हे, आणि तुमच्या साक्षीतला विश्वसनीय भाग न्यायालय तेव्हाही विचारात घेऊ शकते. शपथेवर जाणूनबुजून खोटे सांगणे मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ खाली गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कोऱ्या लेबलांवर सही करणे हा तुमचा निष्काळजीपणा होता, हे मी गोड शब्दांत गुंडाळणार नाही. बचावाचा वकील तुम्हाला त्यावरून टोचेल, आणि ते तुम्हाला निमूटपणे ऐकून घ्यावे लागेल.

तारखेपूर्वी एका निवांत संध्याकाळी त्या दिवशीचे जेवढे आठवते तेवढे स्वतःसाठी कागदावर लिहून काढा, आणि जेथे खात्री नाही तेथे ‘खात्री नाही’ असेच लिहा. किराणा दुकानदाराशी बसून आठवणी जुळवू नका. दोघांच्या सांगण्यात थोडा फरक असणे स्वाभाविक असते, शब्दन् शब्द जुळला तरच संशय येतो. न्यायालयात थोडे लवकर जा, सरकारी वकिलांना भेटा आणि सीलाबाबत मी असे पाहिलेले नाही हे त्यांना आधीच सांगा, म्हणजे पिंजऱ्यात त्यांना धक्का बसणार नाही. पंचनामा वाचून स्मरण ताजे करण्याची मुभा साक्षीदाराला मागता येते. ‘सही तुमची आहे का’ या प्रश्नाला ‘होय’, आणि ‘मजकूर बरोबर आहे का’ या प्रश्नाला ‘शर्ट मिळाल्यापर्यंतचा बरोबर आहे, सील मी पाहिले नाही’, एवढे पुरे. कोणत्याही बाजूने दबाव आला, मग तो आरोपीच्या नातेवाइकांचा असो की ठाण्यातून आलेल्या ‘जरा सांभाळून घ्या’ या फोनचा, तर तो सरकारी वकिलांच्या आणि न्यायाधीशांच्या कानावर घाला. साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना त्यासाठीच आहे. मोफत कायदेशीर सल्ला हवा असल्यास विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे.

राहिला शेवटचा प्रश्न, पुन्हा बोलावले तर जावे का. जा. सबळ कारणाशिवाय नकार देणे हा तसा गुन्हाही आहे, पण त्यासाठी नव्हे. तुमच्यासारखी माणसे टाळाटाळ करतात म्हणून मग तेच ते सराईत पंच प्रत्येक पंचनाम्यात दिसू लागतात. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली असून तिच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करावे लागते, त्यामुळे आता मोबाइल चालू आहे ना एवढे विचारण्याचा संकोच बाळगू नका. मजकूर वाचल्याशिवाय आणि लेबल भरल्याशिवाय सही करू नका, सील होईपर्यंत जागेवरून हलू नका, उशीर होणार असेल तर घरी फोन करा. आणि निघताना दुकानातली एक मेणबत्ती आणि काडेपेटी खिशात टाका.